जुनी स्पोर्ट्स कार घेताय? आधी तिची फाईल मागा, मग भाव बोला

नमस्कार मंडळी! आज थेट विषयावर येतो. कोणीही भेटलं की मला हाच प्रश्न विचारतं, की एक जुनी स्पोर्ट्स कार बघितलीय, अमुक साली बनलेली, एवढे किलोमीटर झालेत, मालक एवढे मागतोय, बरोबर आहे का? आणि खरं सांगायचं तर एवढ्या माहितीवर मी काहीच सांगू शकत नाही. रोजच्या वापराच्या साध्या गाडीला मॉडेल, साल आणि रनिंग एवढं पुरतं, अंदाज फार चुकत नाही. स्पोर्ट्स कारला ते पुरत नाही आणि त्याचं कारण नीट समजून घ्या, कारण आजचा सगळा हिशोब त्यावरच उभा आहे.

गाडी जुनी होते तसा गाडीचा भाव उतरतो, पण तिच्या पार्टचा भाव उतरत नाही. जी गाडी नवी असताना महागडी होती तिची क्लच प्लेट, तिचे ब्रेक डिस्क, तिचं सस्पेंशन आजही महागड्या गाडीच्याच भावात मिळतं, मग भले गाडी तुम्हाला चौथ्या हिश्श्यात मिळालेली असो. म्हणजे साध्या गाडीत एखादं मोठं काम निघालं तर गाडीच्या किमतीचा छोटासा तुकडा जातो, इथे इंजिनचं एक काम निघालं की अर्धी गाडी त्यात गेली असं होऊ शकतं. म्हणून मी भाव काढताना मागचं जेवढं बघतो त्यापेक्षा जास्त पुढची दोन वर्षं बघतो. या दोन वर्षांत ही गाडी माझ्या खिशातून अजून किती काढणार आहे?

उदाहरण घेऊनच बोलू. माझ्या एका मित्राला पोर्शे बॉक्स्टर घ्यायची होती, ९८६ म्हणतात ती पहिली पिढी, मॅन्युअल गिअरची. दोन गाड्या मिळाल्या, एकाच सालच्या, एकाच इंजिनच्या. पहिली ३० हजार किलोमीटर चाललेली, नुसती चकाचक, बघितल्यावर पावलं तिथेच थांबावीत अशी. दुसरी ९५ हजार चाललेली, पुढच्या बंपरवर दगडांचे बारीक टवके, ड्रायव्हर सीटचं लेदर कडेला सुरकुतलेलं, पण मालकाने कपाटातून सर्व्हिसच्या बिलांची एक जाडजूड फाईल काढून समोर ठेवली. मित्राचं मन अर्थातच पहिलीवर. मी म्हटलं थांब, आधी कागदावर मांडू.

आता पहिली गोष्ट, मूळ भाव. लोक काय करतात तर जाहिरातीतले आकडे बघतात आणि त्याची सरासरी काढतात. अरे पण तो मागितलेला भाव आहे, मिळालेला नाही ना! जी गाडी सहा महिने जाहिरातीतच पडून आहे तिचा आकडा तर उलट हेच सांगतो की एवढ्याला कोणी घेत नाही. तुम्हाला हवा तो विकल्या गेलेल्या गाड्यांचा भाव. लिलावांचे निकाल बघा, त्या मॉडेलच्या ओनर्स क्लबच्या लोकांशी बोला, त्यांना कुठली गाडी कितीला गेली हे पक्कं माहीत असतं, आणि जाहिराती आठ-दहा आठवडे लिहून ठेवा म्हणजे कुठली लगेच गेली, कुठलीचा आकडा खाली आला हे कळतं. आणि तुलना करताना अगदी तीच गाडी धरा. पिढी तीच, इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच. २००३ ची पोर्शेची साधी ९११ आणि त्याच वर्षाची ९११ टर्बो बाहेरून भावंडं वाटतात, पण टर्बोचं इंजिन पूर्ण वेगळ्या घराण्यातलं आहे आणि साध्या ९११ च्या इंजिनाची सगळ्यात बदनाम अडचण (ती पुढे सांगतो) त्यात नाहीच, मग भाव एका रांगेत कसे बसतील?

आमच्या बॉक्स्टरसाठी आम्ही सहा-सात विकलेल्या गाड्या गोळा केल्या आणि त्यांच्या सरासरीला १०० म्हटलं. तुम्हीही असंच करा, म्हणजे चलन कुठलंही असो, टक्क्यांत डोकं नीट चालतं. या मापात पहिलीचा मालक ११० मागत होता, दुसरीचा ९२.

मग किलोमीटर. कमी रनिंगला लोक जास्त देतात हे खरं आहे, म्हणून पहिलीला ७ वाढवले, दुसरीचे ८ कमी केले. पण इथे जरा थांबूया कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. वीस वर्षांत ३० हजार म्हणजे वर्षाला दीड हजार, म्हणजे ही गाडी चाललीच नाही, उभी राहिली. उभ्या गाडीत ऑइल सील सुकतात, रबरी होज कडक होतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, बॅटरी मरते, आणि ब्रेक ऑइल तर हवेतला ओलावा ओढत राहतं, म्हणूनच ते दर दोनेक वर्षांनी बदलायचं असतं, गाडी चालो न चालो. फेरारी एफ३५५ घ्या, तिचा टायमिंग बेल्ट किलोमीटर झाले नाहीत तरी ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो आणि त्यासाठी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं! मालक म्हणतो पाच हजारच चाललीय बेल्ट बदलल्यापासून, आणि बेल्ट बदलून झालीत दहा वर्षं. तो खर्च आता तुमचा.

(इथे स्क्रीनवर टायरचा क्लोजअप)

हे बघा, टायरच्या बाजूला डॉट लिहिलेलं असतं आणि त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. २३१९ असेल तर २०१९ चा २३वा आठवडा. पहिल्या बॉक्स्टरचे टायर नऊ वर्षांचे निघाले, नक्षी भरपूर शिल्लक, अगदी नवे दिसतायत, पण रबर कडक झालेलं. अशा टायरवर स्पोर्ट्स कार जोरात चालवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, हे मी मनापासून सांगतो, तिथे कंजुषी करू नका. चारही टायर खर्चात धरा.

आता मुख्य भाग. प्रत्येक स्पोर्ट्स कारला तिचं तिचं एक ठरलेलं दुखणं असतं आणि ते माहीत नसताना भाव बोलायला जाऊच नका. बॉक्स्टर ९८६ आणि ९११ ची ९९६ पिढी यांच्या इंजिनात इंटरमिजिएट शाफ्टचं, म्हणजे इंजिनच्या आत फिरणाऱ्या एका दांड्याचं बेअरिंग, आयएमएस म्हणतात ते. सगळ्यांचं जात नाही, पण गेलं की इंजिनच घेऊन जातं, आणि २००९ मॉडेलपासून कंपनीने जे नवीन इंजिन आणलं त्यात हा शाफ्टच ठेवला नाही. बीएमडब्ल्यूची ई४६ एम३ असेल तर मागचा सबफ्रेम, म्हणजे मागचं सस्पेंशन धरणारा सांगाडा, जिथे बॉडीला बसतो तिथल्या पत्र्याला तडे जातात, गाडी लिफ्टवर चढवून आतून बघितल्याशिवाय कळत नाही, शिवाय इंजिनातले कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजतात. माझदा आरएक्स-८ चं रोटरी इंजिन, त्याला साधा कॉम्प्रेशन गेज लावून उपयोग नाही, एका रोटरला तीन तोंडं असतात आणि तिन्हींचे आकडे वेगवेगळे दाखवणारं खास यंत्र लागतं, तो रिपोर्ट नसेल तर मी तरी इंजिन उघडायचा खर्च धरूनच भाव सांगेन. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ ला दाराखालच्या पट्टीत गंज, बाहेरून रंग सुंदर आणि आत पत्रा खाल्लेला.

यातलं बरंचसं डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून घ्यायच्या आधी त्या मॉडेलची रोज कामं करणाऱ्या मेकॅनिककडून तपासणी, आणि हा मेकॅनिक तुम्ही निवडायचा, विकणाऱ्याने नाही. कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो) आणि लीक-डाऊन टेस्ट (त्यातून हवा किती टक्के गळते) करून घ्या, लीक-डाऊनमध्ये सगळे सिलिंडर दहा टक्क्यांच्या आत आणि एकमेकांच्या जवळपास असतील तर मन शांत होतं, एकच सिलिंडर वेगळा पडला तर कारण कळेपर्यंत पैसे खिशात. रंगाची जाडी मोजायचं मीटर लावा, कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो, एकाच दरवाज्यावर ४००-५०० आले म्हणजे तो पुन्हा रंगवलेला आहे, आत पुट्टीही असू शकते. मात्र लोटस एलिससारखी फायबरग्लासची बॉडी असेल तर हे साधं मीटर तिथे चालतच नाही, तिथे नजर आणि अनुभवच. आणि पोर्शेसारख्या काही गाड्यांच्या इंजिन कॉम्प्युटरमधून ओव्हर-रेव्ह रिपोर्ट निघतो, म्हणजे इंजिन मर्यादेपेक्षा जोरात किती वेळा फिरलं त्याची नोंद. पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला तर चाकंच इंजिनला मर्यादेपलीकडे फिरवतात, इंजिनचा वेग रोखणारा रेव्ह लिमिटर तिथे काही करू शकत नाही, आणि ते कॉम्प्युटरमध्ये नोंदवलं जातं. मालकाला आठवो न आठवो, गाडीला आठवतं.

सिरॅमिक ब्रेक असतील तर वेगळं विचारा, त्या डिस्कची झीज जाडीपेक्षा वजनावरून मोजतात आणि किमान वजन डिस्कवरच लिहिलेलं असतं, चारही बदलायची वेळ आली तर जुन्या गाडीच्या किमतीचा केवढा तरी भाग तिथेच जातो.

मॉडिफिकेशनबद्दल पटकन सांगतो. मालकाने एक्झॉस्टला, टर्बोला, चाकांना जे घातलं ते त्याच्या हौसेचे पैसे, भावात त्यातलं फार थोडं धरा आणि कंपनीचे मूळ पार्ट सोबत देतोय का ते बघा, ते असतील तर नक्की काहीतरी द्या. गाडी ट्रॅकवर गेलेली असणं हा गुन्हा नाही, पण ब्रेक डिस्कवर केसांएवढे तडे, टायरच्या कडा खाल्लेल्या, कार्पेटखाली केजचे, म्हणजे रेससाठी आत बसवलेल्या लोखंडी पिंजऱ्याचे बोल्ट होते त्याची भोकं असं दिसलं तर खर्च धरा आणि मालकाला सरळ विचारा. जो मोकळेपणाने सांगतो आणि ऑइल किती वेळा बदललं त्याची बिलं दाखवतो, त्याची गाडी मला जास्त आवडते.

चला, आता दोन्ही बॉक्स्टरचा हिशोब.

पहिली. १०० अधिक ७, १०७. सर्व्हिसची दोनच बिलं, मधली अकरा वर्षं कोरी, त्याचे ६ वजा, १०१. पुढच्या दोन वर्षांचं काम मेकॅनिककडून लिहून घेतलं, टायर, आयएमएस बेअरिंग आणि गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर त्याबरोबर क्लच, पाण्याचा पंप, होज, सगळी ऑइलं, मिळून २६. इथे एक चूक टाळा, सगळे २६ वजा करू नका. कारण ज्या गाड्यांवरून आपण १०० काढले त्यांच्यातही थोडं काम निघणारच होतं, ते त्या भावात आधीच धरलेलं आहे. आम्ही ते ५ धरलं. म्हणून वजा २१. उरले ८०. आणि मागणी ११०!

दुसरी. १०० वजा ८, ९२. फाईलमध्ये प्रत्येक सर्व्हिस, आयएमएस आणि क्लच चार वर्षांपूर्वी झालेलं, त्याचं बिल, काढलेल्या जुन्या बेअरिंगचा फोटोसुद्धा, त्याचे ५ अधिक, ९७. काम काय तर सस्पेंशनचे बुश आणि शॉक अॅब्सॉर्बर, ११, त्यातले नेहमीचे ५ सोडून वजा ६. म्हणजे ९१. मागणी ९२.

बघितलंत? जी डोळ्यांना महाग वाटत होती ती ३० ने जास्त मागत होती, आणि थकलेली दिसणारी जवळजवळ बरोबर भावात होती.

पहिल्या मालकाला आम्ही हाच कागद दाखवला, मेकॅनिकचा रिपोर्ट सोबत, आवाज न चढवता. तुमची गाडी खराब आहे असं म्हणायचं नाही कधी, त्याचा जीव असतो हो त्या गाडीत. हे काम, हा खर्च, म्हणून आमचा आकडा हा, एवढंच. तो नाही म्हणाला. ठीक आहे, तो त्याचा हक्क आहे. आम्ही आभार मानून निघालो.

दुसरी मित्राने ९२ ला घेतली, एका पैशाची घासाघीस न करता. एका आकड्यासाठी असा मालक दुखवायचा नसतो, पुढे चार गोष्टी विचारायला त्यालाच फोन करावा लागतो, आणि तो अजूनही उचलतो. फाईल आता मित्राच्या कपाटात आहे. त्यात लागलेलं पहिलं नवीन बिल बुश आणि शॉक अॅब्सॉर्बरचं, आम्ही ११ धरले होते, १२ लागले.