धुरीण म्हणजे बैल

(खानदेशी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातल्या भाषणाचं थोडं काटछाट केलेलं रूप)

राम राम मंडळी.

सचिवांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषय एकाच शब्दात सांगितला, "लीडरशिप." मी म्हटलं, अहो, मी उभा जन्म पंपांची ड्रॉइंगं काढली. माझ्या हाताखाली कधी तीनपेक्षा जास्त माणसं नव्हती, आणि त्यातला एक माझं ऐकत नसे. ते म्हणाले, "म्हणूनच तुम्हाला विचारतोय. ज्यांच्या हाताखाली माणसं होती ते सगळे या विषयावर बोलून झालेत." मागच्या दाराने वांग्याच्या भरताचा वास येतोय, तेव्हा मला किती वेळ आहे याची मला कल्पना आहे.

झालं असं की त्याच आठवड्यात आमची नात कॉलेजचा फॉर्म भरत बसली होती. त्यात एक रकाना होता, लीडरशिपचा अनुभव लिहा. तिने मला विचारलं, "आजोबा, लीडरला मराठीत काय म्हणतात?" मी सवयीने म्हटलं, नेता. ती हसायलाच लागली. "म्हणजे ते बॅनरवर हात जोडून उभे असतात ते?" एवढ्या एका प्रश्नाने मला शब्दकोशात ढकललं. गेले तीन आठवडे मी तिथेच आहे, बायको वैतागली आहे.

नेता हा शब्द बिचारा तसा चांगल्या घरातला. संस्कृत 'नी' धातू, म्हणजे नेणं. आपण रोज म्हणतो, डबा ने, छत्री ने. तोच 'ने'. नायक त्याचाच, आपल्याकडचे नाईक त्याचेच. नीती आणि न्यायही त्यातूनच आले. लग्नाला परिणय म्हणतात, कारण वधूला अग्नीभोवती फिरवून नेतात. डोळ्याला नेत्र म्हणतात, कारण तो आपल्याला नेतो. आता नेता म्हणजे नेणारा, आणि काय नेणारा हे प्रत्येक मतदारसंघाने आपापल्या अनुभवाने ठरवलं, त्याला व्याकरण काय करणार?

इंग्रजी 'लीड'चंही घर बघायला गेलो, तर तिथे जत्राच. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात हा शब्द इंग्रजी न येणाऱ्यालाही येतो. निकालाच्या दिवशी पारावर एकच विचारणा, "आपल्या गावातून कितीचा लीड?" लीड दिला, लीड तोडला, लीड घटला. वर्तमानपत्रं मताधिक्य लिहितात, पण पारावर मताधिक्य कुणी म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही. क्रिकेटमधे पहिल्या डावाचा लीड असतो आणि नाटकात लीड रोल. ईसीजी काढताना छातीला चिकटवतात त्या लीड. आमच्या मुलाच्या ऑफिसात सेल्सवाले सकाळपासून 'लीड' शोधत असतात, म्हणजे जो अजून गिऱ्हाईक झालेला नाही असा माणूस. त्याच ऑफिसात 'टीम लीड' नावाचा एक जण असतो, तो त्याच माणसांना संध्याकाळी विचारतो की किती लीड मिळाल्या.

इंग्रजीत कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्याच्या दोरीलाही लीड म्हणतात. मी शेजाऱ्यांचा कुत्रा फिरवायला नेतो तेव्हा दोरीचं एक टोक माझ्या हातात असतं. कोण कोणाला नेतं हे तुम्ही आमच्या गल्लीत कोणालाही विचारा.

कोर्टातला 'लीडिंग क्वेश्चन' मला सगळ्यात आवडला. मराठीत त्याला सूचक प्रश्न म्हणतात, ज्याच्या पोटात उत्तर आधीच भरलेलं असतं. "तेव्हा तुम्ही घरीच होता ना?" असा. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात त्याची व्याख्या होती. आपल्याच साक्षीदाराला सरतपासणीत, म्हणजे पहिल्या तपासणीत, असा प्रश्न विचारला आणि समोरच्या वकिलाने हरकत घेतली, की न्यायाधीशांच्या परवानगीशिवाय तो चालत नाही, उलटतपासणीत चालतो. म्हणजे कायद्यानेही ओळखलंय की बोट धरून नेणं कधी कधी फसवणूक असते. मंडळाच्या सर्वसाधारण सभेत मात्र "मग हे सगळ्यांना मान्य आहे ना?" हा प्रश्न अजून बिनहरकत चालतो.

आणि रस्ता. इंग्रजीत रस्तासुद्धा लीड करतो, तो तुम्हाला गावाला नेतो. आपल्याकडे रस्ता नुसता जातो. "हा रस्ता कुठे जातो?" असं विचारलं की आमच्याकडचा कुणीही अहिराणीत सांगेल, "रस्ता नही जात भो, तो आठेच शे. तूच जा." म्हणजे रस्ता जात नाही भाऊ, तो इथेच आहे.

एक भानगड मात्र सांगून टाकतो, कारण नातीने त्यात मला पकडलं. शिसं या धातूच्या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग तंतोतंत तेच आहे, उच्चार तेवढा लेड. नातं काही नाही, दोन वेगळी घराणी. 'लीड'चा भूतकाळही लेड असाच उच्चारतात, म्हणून साहेब लोकसुद्धा लिहिताना चुकतात. आणि पेन्सिलीच्या टोकालाही ते लेड म्हणतात. त्यात शिसं औषधालासुद्धा नसतं, ग्राफाइट असतं. सोळाव्या शतकात इंग्लंडात ग्राफाइटचा मोठा साठा सापडला तेव्हा तो शिशाचाच प्रकार वाटला, आणि नाव चिकटलं. हसू नका, आपण तिला शिसपेन्सिलच म्हणतो. चूक आपण जशीच्या तशी आयात केली.

आता ज्यासाठी उभा राहिलो ते. लीडचा जुन्या इंग्रजीतला अर्थ सोबत घेऊन जाणं, चालवत नेणं. त्याच्याच घरात एक शब्द सापडला, 'लोड'. हो, तोच, ट्रकवर लोड करतात तो. त्याचा मूळ अर्थ वाट, प्रवास, वाहून नेणं असा होता, मग हळूहळू जे वाहून न्यायचं ते ओझं. ध्रुवताऱ्याला इंग्रजीत 'लोडस्टार' म्हणतात, त्यातला लोड म्हणजे वाट. पुढे चालणं, वाट आणि ओझं ही तिघं त्यांच्याकडे एका आईची लेकरं.

हे वाचलं आणि मला आपला धुरीण आठवला. 'समाजधुरीण' असा शब्द श्रद्धांजलीच्या सभेत हमखास येतो. 'मंडळाची धुरा सांभाळली' हे तर आपण दर दोन वर्षांनी म्हणतो. धुर् म्हणजे जू, बैलाच्या मानेवर येतं ते. धुरीण म्हणजे जू वाहण्याजोगा. म्हणजे मुळात तो गाडीवान नव्हे, तो बैल! आपण ज्यांना धुरीण म्हणून शाल-श्रीफळ देतो त्यांना शब्दशः बैल म्हणत असतो. पुण्या-मुंबईकडच्यांना राग येईल. खानदेशात पोळ्याला ज्यांनी बैलाच्या पायांवर डोकं ठेवलंय त्यांना येणार नाही.

माझे आजोबा गाडी हाकायचे. कपाशीच्या दिवसांत गावातून पाच-सहा गाड्या रात्री जेवणं करून निघायच्या, पहाटे अमळनेरला जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, दारात पोचायच्या. आमच्या दृष्टीने अमळनेर म्हणजे प्रताप मिलचा भोंगा आणि जिनिंगची दारं, बाकी सगळं नंतर. मी सात-आठ वर्षांचा असताना एकदा हट्टाने गेलो, कपाशीच्या बोजावर पडून. गाडीखाली कंदील टांगलेला, चाकांच्या सावल्या दोन्ही बाजूंच्या बांधांवर फिरत होत्या.

मध्यरात्रीनंतर मागे वळून बघितलं तर मागच्या सगळ्या गाड्यांचे गाडीवान झोपलेले. कासरे सैल. बैल आपले पुढच्या गाडीच्या मागे चालत होते. जागे होते फक्त आजोबा, कारण त्यांची गाडी पहिली. मी विचारलं, "बाबा, आपली गाडी रोज पहिली?" तर म्हणाले, "नही रे. पाळी ऱ्हास. आज मन्ही झोप गई." म्हणजे पाळी असते, आज माझी झोप गेली.

बोरी नदीच्या पात्रात ते खाली उतरले. रेतीत पहिल्या गाडीला धड वाट नसते. कंदील हातात घेऊन ते बैलांच्याही पुढे चालत गेले, पायाने रेती चाचपत, कुठे घट्ट आहे, कुठे चाक रुतेल ते बघत. मग परत आले, बैलांच्या मानेवर हात ठेवला, काहीतरी पुटपुटले आणि गाडी घातली. दोन्ही बैल गुडघ्यावर आल्यासारखे झाले, पण निघाले. मागच्या गाड्या त्याच चाकोरीतून, एकही गाडीवान जागा न होता, पलीकडे गेल्या. आपण 'चाकोरीबाहेरचं' म्हणजे काहीतरी थोर असं धरून चालतो. रात्री दोन वाजता नदीच्या रेतीत ती चाकोरी कुणीतरी पहिल्यांदा पाडलेली असते, आणि तिच्यातून इतरांची झोपही सुखरूप पार होते, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. तेव्हा मला फक्त थंडी वाजत होती.

पहाटे जिनिंगच्या दारात काट्याजवळ मात्र वेगळीच माणसं पुढे झाली. भाव बोलणारे, पागोटं नीट करणारे. आजोबा बैलांना पेंड घालत मागे बसले होते.

आपल्या भाषेत या प्रत्येकाला निरनिराळा शब्द आहे. पुढे उभा राहतो तो पुढारी. मोहरा म्हणजे पुढचा भाग, त्यावरून म्होरक्या, पण त्याची अब्रू गेली. आता तो फक्त चोरांच्या टोळीचा असतो. वाट माहीत असलेला वाटाड्या, त्याला कुणी हार घालत नाही. मुकादम अरबीतून आला, मूळ अर्थ पुढे ठेवलेला. धुळे-नंदुरबारकडून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांना विचारा मुकादम म्हणजे काय. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो तो, आणि उचल फिटेपर्यंत ज्याच्या नावाने दिवस मोजायचे तो. लीडर म्हटलं की हे सगळे एका पोत्यात जातात आणि वरून पोतं छान दिसतं. माझी तक्रार एवढीच आहे.

फैजपूरच्या १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाबद्दल मी बोलेन अशी काहींची अपेक्षा दिसते. त्यावर इथे दर वर्षी कुणीतरी बोलतंच, मी सोडतो. पण नंदुरबार सोडवत नाही. ९ सप्टेंबर १९४२ ला मिरवणुकीत झेंडा घेऊन पुढे होता तो शिरीषकुमार, पंधरा वर्षांचा. तो आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळीबारात गेले. 'म्होरे', म्हणजे पुढे, या शब्दाचा आमच्याकडे हाही एक अर्थ आहे, आणि त्याच्यापुढे मला विनोद सुचत नाही.

दुसरी गोष्ट धुळ्याच्या तुरुंगातली, १९३२ ची. विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि अमळनेरला मास्तरकी केलेले साने गुरुजी ते लिहून घ्यायचे. बोलणारा आचार्य, हे बरोबरच आहे. पण लिहून घेणारा पुढे बसला नसता तर ते शब्द तुरुंगाच्या भिंतीपलीकडे कुणी नेले असते? 'नी' धातू त्या खोलीत कोणाला लावायचा हे मी अजून ठरवतोय. तुमच्यात संस्कृतचे जाणकार असतील त्यांनी जेवताना सांगावं.

तर फॉर्म. नात म्हणाली, "मी कशाचीच कॅप्टन नव्हते, काय लिहू?" मी विचारलं, गेली चार वर्षं भरताच्या कार्यक्रमाला वांगी कोण निवडतं? ती. दोन वर्षांपूर्वी आपण हौसेने आत वांगी भाजली आणि धुराचा अलार्म वाजून अग्निशमनवाले आले, तेव्हा आज्यांना जिन्याने खाली कोणी नेलं? हिनेच, एकीला हाताला धरून आणि दुसरीची चप्पल हातात घेऊन. अध्यक्ष तेव्हा कुठे होते हे मी सांगत नाही, कारण तेव्हा अध्यक्ष मीच होतो आणि मी भरताचं पातेलं वाचवत होतो.

तिने ते लिहिलं. मग म्हणाली, पणजोबांची गाडीची गोष्टही घालते, गाडीवानाला इंग्रजीत काय? मी म्हटलं, ड्रायव्हर. तिने टाइप केलं, वाचलं आणि पुसून टाकलं. मग 'गाडीवान' असंच ठेवलं, इंग्रजी लिपीत, कंसात काहीही अर्थ न देता. रकान्यात जागाच संपली होती.

भरीत गरम आहे. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकऱ्या मोजून केल्यात, पहिल्या पंगतीत दोन-दोनच घ्या. आणि जेवणानंतर खुर्च्या उचलायला मला चार माणसं हवीत. या वर्षी तरी तीच चार नकोत.