ग्राउटमधलं पाणी वर येतं तेव्हा

(दृश्य: पुलाच्या बॉक्स गर्डरची, म्हणजे पेटीसारख्या पोकळ काँक्रीट तुळईची, आतली पोकळी. बॅटरीचा झोत काळ्या प्लॅस्टिक पाइपांवरून सरकतो.)

अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर, डेस्टिन गावाजवळ, मिड-बे पूल आहे. तो 1993 साली वाहतुकीला खुला झाला. 2000 साली तपासणीसाठी आत उतरलेल्या लोकांना काँक्रीटला आवळून धरणारी एक पोलादी केबल चक्क तुटलेली दिसली. मग सगळा पूल धुंडाळला गेला आणि 846 पैकी 11 केबल बदलाव्या लागल्या. पुलाचं वय अवघं सात वर्षं!

काँक्रीट असं केबलने आवळण्याच्या पद्धतीला पोस्ट-टेन्शनिंग म्हणतात. त्यात डक्टमधून, म्हणजे पाइपमधून, ओवलेल्या पोलादी स्ट्रँडना (तारांच्या पिळांना) जॅकने ताण देतात आणि टोकं अँकरमध्ये पक्की करतात. उरलेल्या जागेत सिमेंट-पाण्याचं पातळ मिश्रण पंपाने भरतात. हेच ग्राउट. सिमेंटच्या अल्कधर्मी वेढ्यात पोलाद गंजत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

ग्राउट बिघडलं म्हटलं की पहिला संशय आकसण्यावर आणि भेगांवर जातो. भिंतीच्या प्लास्टरला तडे जातात, कारण ऊन-वारा त्यातलं पाणी ओढून घेतो. पण बंद डक्टमध्ये ऊन कुठलं आणि वारा कुठला? सिमेंट पाण्याशी संयोग पावताना आकारमान थोडं घटतं, केसाएवढ्या भेगाही पडतात. डक्ट शाबूत असेल तर त्यांनी सहसा फारसं बिघडत नाही. खरा घात करतं ते ग्राउटमधून सुटलेलं पाणी.

(दृश्य: प्रयोगशाळा. पाच मीटर लांबीची पारदर्शक नळी, 30 अंशांत तिरकी. आत स्ट्रँड.)

नळीत खालच्या टोकाने ग्राउट चढतं. नळी भरली, झडप बंद झाली. आता वरच्या टोकाकडे नीट पाहा. सिमेंटचे कण पाण्याच्या तिप्पट जड, ते खाली बसू लागतात. पाणी वर सरकतं आणि त्याच्याखाली पांढरट, मऊ लगदा साचतो. स्ट्रँड या पाण्याला वाट करून देतात. सात तारांच्या पिळात बारीक फटी असतात. त्यांतून पाणी शिरतं, कण मात्र अडतात. त्यामुळे स्ट्रँड नसलेल्या नळीत शहाण्यासारखं वागणारं ग्राउट इथे उघडं पडतं. युरोपीय मानकानुसार तीन तासांत सुटणारं पाणी 0.3 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही.

पुढे हे पाणी ग्राउटच परत शोषतं, किंवा ते उडून जातं. मागे राहते पोकळी, आणि ती नेमकी केबलच्या सर्वांत उंच जागी, बऱ्याचदा अँकरच्या मागे. तिथे पोलाद उघडं असतं. अँकरचं झाकण गळकं निघालं की खारा ओलावा थेट तिथे पोचतो. पंप जड चालतो म्हणून साइटवर कुणी मिश्रणात बादलीभर पाणी जास्त ओतलं, तर त्याची किंमत इथे मोजावी लागते.

आकसणं भरून काढायला पूर्वी ग्राउटमध्ये ॲल्युमिनियमची पूड घालत. तिच्यामुळे मिश्रण फुगतं खरं, पण ते हायड्रोजन वायूच्या बुडबुड्यांनी. आणि ताणलेल्या पोलादाला हायड्रोजन ठिसूळ करू शकतो. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

केबल गंजण्याचे धक्के फ्लोरिडाआधीही बसले होते. डिसेंबर 1985 मध्ये वेल्समधला इनिस-अ-ग्वास पूल कोणतीही सूचना न देता कोसळला. तिथे खारं पाणी शिरलं ते पुलाच्या काँक्रीट तुकड्यांमधल्या सांध्यांतून. सात महिन्यांनी, 5 जुलै 1986 रोजी, पणजीचा मांडवी पूल पडला. त्याच्याही केबल गंजल्या होत्या, आणि पणजीकर पुन्हा फेरीबोटीवर आले. ब्रिटनने 1992 मध्ये ग्राउट भरलेल्या केबलचे नवे पूल बांधणंच थांबवलं. 1996 मध्ये बंदी सैल झाली, तीही तुकडे जोडून बांधलेल्या पुलांना वगळून.

(दृश्य: गरम, पातळ मेण डक्टमध्ये भरलं जात आहे.)

फ्लोरिडाने आता नव्या पुलांच्या बऱ्याच केबलमध्ये सिमेंट ग्राउट भरणंच थांबवलं आहे. त्याऐवजी पेट्रोलियमचं मेण तापवून भरतात. मेण तारांना चिकटून घट्ट होत नाही, त्यामुळे खराब झालेली केबल ओढून काढता येते आणि तिथे नवी ओवता येते.