परातीतलं पाणी

नागपूर. झिरो माईलच्या दगडापासून मुंबईचा समुद्र आठशेक किलोमीटर. पाणी म्हटलं की आपल्याला फुटाळा आठवतो, नाहीतर अंबाझरी. तरी धरमपेठेतल्या या स्वयंपाकघरात सकाळपासून विषय जहाजाचा. माझा मित्र उत्तर युरोपातल्या एका क्रूझ फेरीच्या डेकवर कामाला आहे. सध्या सुट्टीवर आलाय.

क्रूझ फेरी म्हणजे वर हॉटेल, पोटात ट्रक. हेलसिंकी-स्टॉकहोम मार्गावरची 'सिल्या सेरेनेड' बघा. 1990 साली तुर्कूत बांधलेली, 203 मीटर लांब, 2,800 वर प्रवासी. संध्याकाळी निघायचं, सकाळी पलीकडे, संध्याकाळी पुन्हा परत. मधे अपरात्री ओलंड बेटांवरच्या मारिएहाम्नला थांबा. कशाला? तर ही बेटं युरोपीय संघाच्या करव्यवस्थेबाहेर आहेत. तिथं बंदर घेतलं की जहाजावर दारू आणि अत्तरं बिनकराची विकता येतात!

प्रवाशांना रात्रीचा नाच आठवतो. मित्राला आठवते ती दुपार. जहाज धक्क्याला असतं ते काही तासच. तेवढ्यात शेकडो केबिनच्या चादरी बदलायच्या, कचरा उतरवायचा, भाजीपाला चढवायचा. तो मात्र खाली, डिझेलच्या वासात. चाळीस टनी ट्रक हाताच्या इशाऱ्यावर भिंतीला लावून घ्यायचा, साखळ्यांनी जखडायचा. वजन एका बाजूला जास्त झालं की जहाज तिकडे कलतं.

"पण एवढा मोठा मोकळा हॉल, त्यात भिंती काऊन नाही घालत?" त्याच्या आईंनी विचारलं.

"ट्रक कुठून जातील मग?"

त्यानं ओट्यावरची परात घेतली, दोन बोटं पाणी ओतलं आणि जराशी तिरपी केली. सगळं पाणी एका काठाला धावलं, परात हातातून निसटता निसटता वाचली. वाहनांच्या डेकवर पाणी शिरलं की हेच होतं. 28 सप्टेंबर 1994 च्या रात्री 'एस्टोनिया' नावाच्या फेरीचा पुढचा दरवाजा लाटांनी उखडला. 852 माणसं गेली. त्याआधी 1987 मध्ये बेल्जियमच्या झेब्रुगा बंदराबाहेर 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ' उलटली, दार उघडंच ठेवून निघाली होती म्हणून. 193 मृत्यू. आता दार नीट लागलंय की नाही, हे ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, दिव्यांवर दिसतं. तरी निघण्याआधी तो स्वतः जाऊन बघतो.

आईंनी परातीकडे पाहिलं, मग फरशीकडे.

"समजलं. आता पुसून घे थे सांडलेलं."