पोल्का सोप्पा असतो म्हणे

टायटॅनिक पिक्चर आठवतोय ना, त्यातली ती खालच्या डेकवरची थर्ड क्लासवाल्यांची पार्टी, जॅक रोझला हाताला धरून गरागरा फिरवतो ती. तिथे जे वाजतं त्यातला एक तुकडा म्हणजे जॉन रायनचा पोल्का, पोल्का हा नाचाच्या चालीचा एक प्रकार. म्हणजे आयरिश पोल्का आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकलाय, फक्त त्याला पोल्का म्हणतात हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

आणि गंमत म्हणजे हा प्रकार मूळचा आयरिश नाहीच. निघाला बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, 1830 च्या आसपास, मग 1840 नंतर पॅरिस आणि लंडनला त्याचं अक्षरशः याड लागलं, आणि फिरत फिरत आयर्लंडला आल्यावर त्याने नैऋत्य कोपऱ्यात जो मुक्काम ठोकला तो आजतागायत हलला नाही. बाकी आयर्लंडमध्ये मान रील नावाच्या दुसऱ्या नाचाच्या चालीला, पोल्का म्हणजे नवशिक्यांना द्यायची गोष्ट. पण कॉर्क आणि केरी काउंटीच्या हद्दीवर श्लीव लूखरा नावाचा पट्टा आहे, नावाचा अर्थ लव्हाळ्यांचा डोंगर, जमीन ओली, दलदलीची, आणि तिथे पोल्काशिवाय पान हलत नाही. कारण नाच. चार जोड्या चौकोन करून उभ्या राहतात आणि जमिनीवर टाचा आपटत नाचतात, वाजवणाऱ्याने त्या टाचांना धक्का द्यायचा, बस.

या पट्ट्यातले मोठे मास्तर म्हणजे पॉड्रिग ओकीफ. जन्म 1887. आधी शाळामास्तर, 1920 मध्ये ती नोकरी गेली, मग आयुष्यभर घरोघरी पायी फिरून फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, शिकवलं. नोटेशन त्यांनी स्वतःचं बनवलेलं. पाच रेघांमधल्या चार मोकळ्या जागा म्हणजे फिडलच्या चार तारा, त्यात नुसते आकडे, 0 म्हणजे मोकळी तार, 1 म्हणजे पहिलं बोट. झालं. कागद शिष्याच्या हातात, आणि पुढची आठवडाभराची मेहनत शिष्याची. 1963 ला मास्तर गेले. त्यांचे दोन शिष्य, सख्खे भाऊबहीण, डेनिस मर्फी आणि ज्युलिया क्लिफर्ड, यांची 1969 ची एक रेकॉर्ड आहे, द स्टार अबव्ह द गार्टर. नुसती दोन फिडल, मागे गिटार नाही, पियानो नाही, काही नाही. बऱ्याच जागी एक वरच्या सप्तकात आणि दुसरं खालच्या, तीच चाल, एकाच दमात.

मी शिकतोय ते याच रेकॉर्डवरून. फिडल नाही, टिन व्हिसल. पत्र्याची किंवा पितळेची नळी, सहा भोकं, तोंडाशी प्लास्टिकची शिट्टी, म्हणजे आपला पावाच म्हणा. फुंकर कशी मारायची यात महिने जात नाहीत, ओठाला लावली की वाजते. लहानपणी दोन वर्षं बासरी शिकलो होतो, आणि तिथेच पहिला घोळ झाला. आपल्या बासरीवर वरची तीन भोकं बंद केली की सा. आयरिश माणूस सगळी सहा बंद करतो आणि तिथून मोजायला लागतो, त्याला तो डी म्हणतो. माझा सा त्याच्या हिशोबाने जी. बरं, सगळी भोकं उघडी सोडली तर मला मिळतो तीव्र मध्यम, आणि यांच्या चालींना सारखा शुद्ध मध्यम लागतो! त्यासाठी पहिलं भोक अर्धं दाबा, नाहीतर पहिलं उघडं ठेवून दुसरं तिसरं बंद करा. पोल्काच्या स्पीडला अर्ध्या भोकाचे लाड परवडत नाहीत, तेव्हा दुसरा उपाय.

बॅलीडेसमंड हे तिथलंच एक गाव, त्या नावाचे दोनतीन पोल्का आहेत, त्यातला एक पहिला धरला. स्वर आपल्या काफी थाटाचे, फक्त सा इथे जी वर नाही, एक स्वर वर, ए वर. खालच्या प वरून सा, सा, रे, मग कोमल ग, म, प असं चढत जायचं. अर्ध्या तासात बोटं बसली, मी खूश, आईने आतून विचारलं हे प्रार्थनेसारखं काय वाजतंय. आणि खरंच, मी प्रार्थनाच वाजवत होतो! सगळे स्वर बरोबर आणि कोणीही नाचणार नाही असं.

मग परत ऐकायला बसलो, यावेळी स्वर सोडून. व्हिडिओचा स्पीड 0.75 केला, आता ते नुसतं एका बटणावर होतं, टेपवाले लोक स्पूल अर्ध्या स्पीडने फिरवायचे तेव्हा सगळी चाल एक सप्तक खाली उतरायची आणि फिडल म्हशीसारखं हंबरायचं. तर हळू केल्यावर कळलं. एक आणि दोन आणि, असं मोजलं तर माझा जोर एक वर आणि दोन वर, यांचा गज दाबतोय 'आणि' वर. त्या मधल्या जागेत चाल उचलली जाते.

आता हे व्हिसलवर कसं आणायचं? फिडलवाला गज दाबतो, आपण जोरात फुंकलं तर स्वर मोठा होत नाही, सरळ वरच्या सप्तकात उडी मारतो. म्हणून जोर द्यायचा जिभेने, त् करून, आणि त्याच्या आधीचा स्वर जरासा तोडून. आधीचा आखूड झाला की पुढचा आपोआप जड वाटतो. हे मला कळायला तीन आठवडे लागले, जमायला अजून लागतायत.

शिवाय श्वास. गजाला श्वास लागत नाही, त्यामुळे रेकॉर्डमध्ये थांबायची जागाच नाही, आठ मात्रागट आणि परत तेच आठ आणि मग दुसरा भाग. मी ओळीच्या शेवटी श्वास घ्यायचो तर चाल तिथेच बसायची. ज्युलियाचा मुलगा बिली क्लिफर्ड फ्लूटवाला, त्याचं ऐकलं आणि डोक्यात उजेड पडला. श्वासासाठी वेगळी जागा शोधायची नाही, एक स्वर खाऊन टाकायचा. सुरुवातीचा नाही आणि जोराचा तर अजिबात नाही, मधला एखादा बिनकामाचा. आणि दर वेळी तोच नाही, नाहीतर चालीत भोक दिसतं.

काल रात्री पहिल्यांदा स्पीड पूर्ण ठेवून रेकॉर्डबरोबर वाजवलं. पहिला भाग दोन्ही वेळा पार. दुसऱ्या भागात चुकून तो सगळ्या उघड्या भोकांचा स्वर लागला, दचकलो, एकाऐवजी तीन स्वर खाल्ले, आणि डेनिस ज्युलिया पुढे निघून गेले. परत पहिला भाग येईपर्यंत नुसती टाच आपटत थांबलो. टाच मात्र बरोबर पडत होती.