केंद्रक हुकूम देतं की ऐकतं?

नमस्कार मंडळी. शाळेत आपण सगळ्यांनी एक वाक्य पाठ केलेलं असतं, केंद्रक म्हणजे पेशीचा मेंदू. परीक्षेत लिहिलं की मार्क मिळतो आणि विषय संपतो. माझं या वाक्याशी भांडण आहे, कारण त्यातून असं वाटतं की केंद्रक मधे बसून हुकूम सोडतंय आणि बाकीची पेशी मुकाट्याने पाळतेय. खरं म्हणजे केंद्रक सांगतं तेवढंच ऐकतंही, आणि ते कसं ऐकतं हेच मला आज सांगायचंय.

आधी थोडं रचनेबद्दल. 1831 साली रॉबर्ट ब्राउन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने ऑर्किडच्या पेशी बघताना प्रत्येक पेशीत एक गोल गडद ठिपका असतो हे नोंदवलं आणि त्याला न्यूक्लियस हे नाव दिलं, तेच आपलं केंद्रक. त्याच्या आधीही काहींना तो दिसला होता, पण हा सगळीकडे सापडणारा, पेशीचा नेहमीचा भाग आहे हे त्याने ठामपणे मांडलं. आपल्या पेशीत हा ठिपका साधारण 5 ते 10 मायक्रोमीटरचा असतो, म्हणजे मिलिमीटरचा फार तर शंभरावा भाग.

आणि एवढ्याशा जागेत 2 मीटर लांबीचा डीएनए असतो. 46 गुणसूत्रं, डीएनएच्या रासायनिक अक्षरांच्या साधारण 640 कोटी जोड्या. हा कोंबलेला नसतो हे लक्षात घ्या, कोंबला असता तर वाचता आला नसता. हिस्टोन नावाची प्रथिनं असतात, त्यातली आठ एकत्र येऊन एक छोटं रीळ तयार होतं आणि त्याच्याभोवती दोरा गुंडाळावा तसा डीएनए पावणेदोनच्या आसपास फेरे घेतो, 147 जोड्यांचा तुकडा एका रिळावर, मग थोडा मोकळा भाग, मग पुढचं रीळ. अशी साधारण 3 कोटी रिळं एका केंद्रकात. जिथे गुंडाळी घट्ट तिथले जीन, म्हणजे प्रथिन कसं बनवायचं हे सांगणारे डीएनएचे तुकडे, सहसा बंद, जिथे सैल तिथे वाचायला जागा. म्हणजे पॅकिंगमधेच निर्णय आहे, कुठला भाग उघडा ठेवायचा आणि कुठला मिटायचा. यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत डीएनए तोच असतो, उघडं काय आहे ते वेगळं असतं.

आता भिंत. केंद्रकाभोवती एक नाही, दोन पटलं असतात आणि बाहेरचं पटल तर थेट एन्डोप्लाझ्मिक रेटिक्युलमला, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्याला, जोडलेलं असतं. या दुहेरी भिंतीत छिद्रं असतात, आपल्या एका पेशीत साधारण दोन-तीन हजार, आणि यांना नुसती छिद्रं म्हणणं अन्यायच आहे. एकेका छिद्रात तीसेक प्रकारची प्रथिनं, प्रत्येकाच्या अनेक प्रती, सगळी मिळून हजाराच्या आसपास, आठ पाकळ्यांच्या आकारात रचलेली. मधल्या वाटेत प्रथिनांचे लवचिक धागे सतत वळवळत असतात. छोटे रेणू त्यातून सहज सरकतात, पण साधारण 40 किलोडाल्टनच्या (हे रेणूंचं वजन मोजायचं एकक) वरचं प्रथिन आपलं आपण सहसा जाऊ शकत नाही. त्याच्यावर ओळखीची खूण लागते, अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिन ज्या मण्यांचं बनतं त्यांचा, एक छोटा तुकडा, बऱ्याचदा लायसिन आणि आर्जिनिन या दोन अमिनो आम्लांनी भरलेला. ही खूण इम्पोर्टिन नावाचं प्रथिन ओळखतं, त्याला धरतं आणि धाग्यांमधून आत घेऊन जातं.

पण मग आत गेलेलं प्रथिन परत बाहेर का येत नाही? हा प्रश्न मला फार आवडतो कारण उत्तर अतिशय देखणं आहे. रॅन नावाचं एक छोटं प्रथिन आहे, केंद्रकाच्या आत त्याला जीटीपी नावाचा छोटा रेणू जोडलेला असतो आणि बाहेर जीडीपी, म्हणजे तोच रेणू एक फॉस्फेट तुटलेला. जीटीपी जोडणारं एन्झाइम गुणसूत्रांना चिकटलेलं असतं आणि तो जीटीपी तोडायला मदत करणारं बाहेर असतं, म्हणून हा फरक कायम टिकतो. इम्पोर्टिन आत पोचलं की जीटीपीवालं रॅन त्याला येऊन चिकटतं आणि त्याच्या हातातलं ओझं सुटतं. म्हणजे आपण आत आलोय हे इम्पोर्टिनला कळतं ते रॅनमुळे. कोणी बघायला नाही, ठरवायला नाही, दोन बाजूंच्या रसायनातला फरक एवढंच, आणि वाहतुकीला दिशा मिळते.

आता या वाहतुकीतून ऐकणं कसं होतं ते बघा. कॉर्टिसोल हे ताणाच्या वेळी वाढणारं हार्मोन पेशीत शिरतं तेव्हा त्याचा रिसेप्टर, म्हणजे त्याला ओळखून धरणारं प्रथिन, केंद्रकाच्या बाहेर थांबलेला असतो. कॉर्टिसोल त्याला चिकटलं की त्याचा आकार बदलतो, तो छिद्रातून आत जातो, डीएनएवर ठराविक जागी बसतो आणि काही जीन चालू होतात, काही बंद. शरीरात ताण आहे ही बातमी केंद्रकाला बाहेरून मिळाली, त्याने आपणहून काही ठरवलं नाही.

भिंतीचा अजून एक फायदा आहे. बॅक्टेरियात केंद्रक नसतं, तिथे आरएनए, म्हणजे जीनची नक्कल, बनत असतानाच रायबोसोम ही प्रथिनं बनवणारी यंत्रं त्याला चिकटून प्रथिन बनवायला लागतात. आपल्या जीनमधे मधेमधे असे तुकडे असतात की जे काढल्याशिवाय आरएनए वाचला तर प्रथिन चुकीचं बनेल. ते काढून उरलेले तुकडे जोडायला वेळ लागतो आणि तो भिंतीमुळे मिळतो, कारण काम करणारे रायबोसोम सगळे बाहेर. वर तुकडे वेगवेगळ्या प्रकारे जोडून एकाच जीनपासून अनेक प्रथिनं बनवता येतात.

हुकूम की ऐकणं या वादात दोन प्रयोग मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. पहिला योआखिम हेमरलिंगचा, 1930 च्या दशकातला, जर्मनीत. अ‍ॅसिटाब्युलारिया नावाचं समुद्री शैवाल आहे, अख्खं काही सेंटिमीटर लांब पण एकच पेशी. खाली पाय, मधे देठ, वर टोपी, आणि केंद्रक पायात. दोन जातींच्या टोप्या वेगळ्या असतात, एकीची छत्रीसारखी सलग, दुसरीची बोटांसारखी सुटी. हेमरलिंगने एका जातीच्या पायावर दुसरीचा देठ बसवला. पहिल्यांदा उगवलेली टोपी कधीकधी दोन्हींच्या मधली असायची, ती कापली की पुढची टोपी मात्र केंद्रक ज्या जातीचं त्या जातीची. म्हणजे आकार केंद्रक ठरवतं. पण पहिली टोपी मधली का? कारण देठात आधीपासून पाठवलेला काहीतरी साठा होता, तो संपेपर्यंत जुनंच चालू राहिलं. तो साठा म्हणजे मेसेंजर आरएनए, जीनचा निरोप बाहेर नेणारा आरएनए, हे बऱ्याच नंतर कळलं, मेसेंजर आरएनएचा शोधच 1961 चा.

दुसरा प्रयोग जॉन गर्डनचा, 1962. आफ्रिकन बेडकाच्या अंड्यातलं मूळ केंद्रक अतिनील किरणांनी निकामी केलं आणि टॅडपोलच्या, म्हणजे बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लाच्या, आतड्यातल्या पेशीचं केंद्रक तिथे घातलं. बहुतेक अंडी मधेच थांबली, पण थोड्यांपासून पोहणारे, खाणारे टॅडपोल झाले. विचार करा, ते केंद्रक आतड्याचे जीन वाचत होतं, अंड्याच्या द्रवात गेल्यावर त्याने ते सोडून सुरुवातीपासून वाचायला घेतलं! आजूबाजूच्या द्रवाने केंद्रकाला सांगितलं काय वाचायचं ते. यासाठी गर्डनना 2012 साली शिन्या यामानाका या जपानी शास्त्रज्ञांसोबत नोबेल मिळालं. हे दोन्ही प्रयोग शेजारीशेजारी शिकवायला हवेत असं माझं स्पष्ट मत आहे, एकटा हेमरलिंग शिकवला की परत तो मेंदूच डोक्यात बसतो.

भिंतीला आतून लॅमिन नावाच्या प्रथिनांच्या जाळीचा आधार असतो, त्याबद्दल एकच सांगतो. प्रोजेरिया नावाचा दुर्मिळ आजार आहे, ज्यात लहान मुलांच्या शरीरात म्हातारपणासारखे बदल लवकर दिसतात. 2003 साली कळलं की कारण लॅमिन ए च्या जीनमधला एका अक्षराचा बदल. बिघडलेलं प्रथिन पटलाला चिकटून राहतं, केंद्रक फुगीर आणि वेडंवाकडं होतं.

शेवटी एका मुलीने मला विचारलेला प्रश्न सांगतो, रक्तातल्या लाल पेशीत केंद्रक नसतं मग ती जगते कशी? फार छान प्रश्न. पक्ष्यांच्या, बेडकांच्या लाल पेशीत केंद्रक असतं, आपल्या लाल पेशी मात्र तयार होता होता ते बाहेर टाकतात आणि अस्थिमज्जेतल्या मॅक्रोफेज नावाच्या, नको असलेलं गिळून टाकणाऱ्या पेशी ते गिळतात. त्यानंतरही एक-दोन दिवस ती हिमोग्लोबिन बनवत राहते, आधी बनलेल्या आरएनएवर, म्हणजे शैवालाच्या देठासारखंच. मग आरएनए संपतो, रायबोसोमही जातात. पुढे जुनं झालेलं प्रथिन बदलायला नवं येत नाही, पटल हळूहळू ताठर होत जातं, आणि साधारण 120 दिवसांनी प्लीहेतल्या, यकृतातल्या पेशी तिला ओळखून मोडीत काढतात.