वैनगंगेकाठचा मोगली आणि किपलिंगचं राजकारण

नमस्कार श्रोतेहो.

संध्याकाळची कामं आवरून एखादी सून मोबाइलवर पाकिस्तानी मालिका पाहत बसते, तेव्हा घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, "त्यायचं सारंच पटते का तुले?" गोष्ट आवडली म्हणजे ती सांगणाऱ्या मुलखाचं राजकारणही मान्य केलं, असा या बोलण्याचा अर्थ. मला तो अजिबात मान्य नाही. का, ते आपल्याच नदीकाठच्या एका गोष्टीवरून सांगतो.

आपली वैनगंगा शिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि बालाघाटावरून गोंदिया-भंडाऱ्यात उतरते. इंग्रज लेखक रुडयार्ड किपलिंगचं 'जंगल बुक' १८९४ साली आलं. त्यातल्या मोगलीचं रान याच शिवनीच्या डोंगरातलं, आणि शेरखान मरतो तो वैनगंगेच्या कोरड्या घळीत. गावात गुराखी झालेला मोगली म्हशींचा कळप दोन ठिकाणी फोडतो. माद्या आणि वगारी घळीच्या खालच्या तोंडाशी, रेडे वरच्या. मग स्वतः दांडग्या रेड्यावर बसून वरून सगळे रेडे खाली सोडतो. भरल्या पोटाचा वाघ मधे सापडतो. ज्यानं म्हशी राखल्या, त्याला हे वाचताना पायाखालची जमीन हादरलेली जाणवते. मला अजूनही जाणवते.

आता त्या लेखकाचं राजकारण पाहा. गोऱ्यांनी इतरांवर राज्य करणं हे त्यांच्या खांद्यावरचं ओझं आहे, अशी कविता त्यानं १८९९ साली लिहिली. जालियनवाला बागेत गोळ्या चालवणाऱ्या डायरसाठी इंग्लंडात निधी जमला, त्यातही त्यानं पैसे दिले.

हे राजकारण गोष्टीच्या बाहेरच राहिलं असंही नाही. मोगलीला लेकरासारखं जवळ करणाऱ्या मेसुआला आणि तिच्या नवऱ्याला गावकरी चेटकाच्या संशयावरून जाळायला निघतात. दोघं जीव मुठीत धरून कान्हीवाड्याकडे पळतात, कारण न्याय मिळेल तर तिथल्या इंग्रजाकडेच! त्याआधीच्या एका कथेत तर मोठा झालेला मोगली सरकारी जंगल खात्यात पगार-पेन्शनची नोकरी धरतो. ज्या खात्यानं १८७८ च्या कायद्यानं रानं राखीव करून रानातल्या माणसाचा हक्क आवळला, त्याच खात्यात.

चेटकाच्या नावाखाली माणसं मारली जातात, हे किपलिंगनं पदरचं घातलं नव्हतं. आपल्याला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तो उगीच नाही. पण त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडली ती इथलीच माणसं. जंगलाचंही तसंच. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये आपल्या रानावरचा सामूहिक हक्क मिळवला. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा. मेंढ्यातल्या पोराला मोगली आवडला, तर तो साहेबाचा माणूस झाला का?

आपल्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकात एकलव्य अंगठा कापून देतो, तेव्हा मांडवातल्या बायाबापड्या डोळे पुसतात. द्रोणाचार्यांचं बरोबर होतं, असं त्यातली एकही म्हणत नाही. ऐकणारा आपली बाजू आपण निवडतो, आणि पुष्कळदा ती सांगणाऱ्यानं नेमून दिलेली नसते.

त्या सुनेच्या बाजूनं आणखी एक. लेखक आणि त्याचं सरकार म्हणजे एकच, असं धरून चालू नये. उर्दू कथाकार मंटोवर अश्लीलतेचे खटले इंग्रजांच्या राज्यात झाले, आणि तो लाहोरला गेल्यावर पाकिस्तानातही झाले. त्याच्या कथा वाचणं म्हणजे त्याला कोर्टात खेचणाऱ्या सरकारची तळी उचलणं कसं होईल?

पैशाचा प्रश्न मात्र वेगळा. हयात माणूस कमाईतून द्वेष पसरवत असेल, तर त्याचं तिकीट न काढणं मला योग्य वाटतं. किपलिंग १९३६ सालीच गेला.

शाळेत मोगली वाचून दाखवणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना एक विनंती आहे. शेरखान मेला की पुस्तक मिटू नका. दुसऱ्या 'जंगल बुक'मधल्या मेसुआच्या गोष्टीपर्यंत वाचा, आणि मग पोरांना विचारा, कान्हीवाड्याला साहेब नसता तर त्या दोघांना वाचवायला कोणी पुढं यायला हवं होतं? पोरं ग्रामसभेचं नाव घेतील, पोलीस पाटलाचं घेतील, कोणी आपल्या आईचंही घेईल. सगळ्यांना बोलू द्या.