अ‍ॅसिडिटीच्या नावाखाली

(दृश्य: संध्याकाळ. एसटी स्टँडसमोरचं मेडिकल. काउंटरवर गर्दी.)

"काका, अ‍ॅसिडिटीची एक पट्टी द्या."
"नेहमीचीच ना?"
"हो, तीच. आणि दोन इनो."

पट्टी कागदाच्या पुडीत पडते, फोनवरून पैसे जातात, पुढचं गिऱ्हाईक हात पुढे करतं. मिनिटभराचा व्यवहार. जळजळ कधीपासून आहे, घास नीट उतरतो का, वजन उतरलंय का, हे त्यात कुणी विचारत नाही. दुकानदाराला वेळ नसतो आणि डॉक्टरांपर्यंत गोष्ट गेलेलीच नसते.

बहुतेकांचं यात काही बिघडत नाही, हे आधीच सांगून टाकू. लग्नाची पंगत झाली, रात्री अकराला मिसळ हाणली, छातीत आग पडली, गोळी घेतली, सकाळी माणूस ठणठणीत. त्यांना घाबरवायचं कारण नाही. आपण बोलतोय ते ज्यांच्या शर्टाच्या खिशात किंवा पर्समध्ये पट्टी कायमची राहायला आलीय, त्यांच्याबद्दल.

(दृश्य: अन्ननलिका आणि जठराचं रेखाचित्र.)

जठरात रोज साधारण दीड ते दोन लिटर पाचक रस तयार होतो. त्यातलं आम्ल भलतंच तीव्र असतं, पण जठराच्या आतल्या बाजूला चिकट स्रावाचा थर असल्याने ते जठराला सहसा इजा करत नाही. अन्ननलिकेला असं संरक्षण नाही. तिच्या खालच्या टोकाला स्नायूचं एक वळं असतं. घास खाली गेला की ते आवळून बसायचं, एवढंच त्याचं काम. पोटाचा घेर वाढला, गरोदरपणात पोटावर दाब आला, जेवल्या जेवल्या आडवं झालं, तंबाखू किंवा दारू पोटात गेली, की हे वळं ढिलं पडतं. ब्लड प्रेशरच्या आणि दम्याच्या काही गोळ्यांनीही ते सैल होतं. मग आम्ल वर चढतं. छातीच्या मधल्या हाडामागे जळतं, घशाशी आंबट येतं, करपट ढेकर येतात.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. आग किती पडते यावरून आत किती इजा झालीय हे कळत नाही. रात्ररात्र तळमळणाऱ्या माणसाची अन्ननलिका दुर्बिणीत स्वच्छ दिसते, आणि "हल्ली पूर्वीइतकं जळत नाही" म्हणणाऱ्याच्या आत व्रण सापडतात. म्हणून डॉक्टर जळजळीच्या जोरापेक्षा तिच्यासोबत आणखी काय आलंय हे जास्त बारकाईने विचारतात.

(दृश्य: रात्र. घरातला दिवा लागतो.)

पहाटेचे तीन. नवरा उठून बसलाय, छातीवर हात.
"अगं, पित्त झालंय. जरा इनो दे."
"अहो, पण घाम किती आलाय! बनियन भिजलंय."
"गॅस वर चढलाय. ढेकर आला की बरं वाटेल."

ढेकर येतो. थोडं बरंही वाटतं. आणि इथेच घात होतो.

हृदय आणि अन्ननलिका छातीत एकमेकांना खेटून असतात. दोन्हींकडून मेंदूकडे जाणाऱ्या वेदनेच्या वाटाही बऱ्याच अंशी एकच. त्यामुळे दुखणं कुणाचं आहे हे मेंदूला नेमकं ओळखता येत नाही. त्यात हृदयाचा खालचा भाग छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला टेकलेला. तिथला रक्तपुरवठा तुटला तर दुखणं पोटाच्या वरच्या भागात जाणवतं, मळमळतं, उलटी होते. माणूस शपथेवर सांगेल की हे पित्तच आहे. अ‍ॅसिडिटीच्या औषधाने आराम पडला म्हणजे हृदय ठीक आहे, असं धरता येत नाही. हार्ट अटॅकमध्येही अशा औषधाने तात्पुरतं बरं वाटलेले रुग्ण डॉक्टरांना माहीत आहेत.

मग ओळखायचं कसं? छातीत जळण्यापेक्षा दाबल्यासारखं, आवळल्यासारखं वाटतंय. दुखणं डाव्या हातात, खांद्यात, जबड्यात, पाठीत उतरतंय. दरदरून घाम, धाप, गरगरणं. जिना चढताना, गाडीला धक्का मारताना सुरू होतं आणि थांबलं की कमी होतं. यातलं काहीही असेल तर घरात चर्चा नको. १०८ ला फोन लावा किंवा कुणाला तरी गाडी काढायला सांगा. स्वतः स्कूटर चालवत जाऊ नका. मधुमेह असलेल्यांत, बायकांत आणि म्हाताऱ्या माणसांत ही लक्षणं पुस्तकासारखी येतीलच असं नाही. नुसती मळमळ, थकवा, जीव घाबरा होणं, एवढ्यावरही अटॅक येऊन जातो. पहिला ईसीजी ठीक आला म्हणून लगेच घरी पळायचं नसतं. काही तासांच्या अंतराने पुन्हा ईसीजी आणि रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन, बघावं लागतं. आणि एवढं करून शेवटी अ‍ॅसिडिटीच निघाली, तर लाजायचं काय त्यात?

(दृश्य: दिवस. घरातली खाट, डोक्याकडच्या पायांखाली विटा.)

हृदयाचा प्रश्न नाही हे कळल्यावर उरते ती नेहमीची जळजळ. तिच्यासाठी घरी करण्यासारखं बरंच आहे. रात्रीचं जेवण आणि झोप यांच्यात दोन-तीन तास ठेवा. वजन जास्त असेल तर थोडं उतरल्यानेही फरक पडतो. डाव्या कुशीवर झोपलं तर आम्ल वर चढायला कमी वाव मिळतो. खाटेची डोक्याकडची बाजू सहा ते आठ इंच उचला, पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे घालून. उशीवर उशी रचली तर नुसती मान आणि कंबर वाकते, पोट उलट जास्त दाबलं जातं. थंड दुधाने घटकाभर बरं वाटतं, पण दूध पोटात गेलं की जठर आणखी आम्ल सोडतं. फसफसणाऱ्या पुड्यांमध्ये सोडियम बरंच असतं. ब्लड प्रेशर, हृदय किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी त्या रोजच्या रोज घेऊ नयेत. मोरावळा, कोकम याबद्दल घराघरांत पक्की मतं आहेत. त्या वादात पडत नाही.

गोळीबद्दल मात्र बोलायला हवं.

(दृश्य: तळहातावर पट्टी. गोळी सुटते.)

पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल. या जातीच्या गोळ्या जठरातले आम्लाचे पंप बंद करतात. पण जेवणाने चालू झालेला पंपच त्यांना बंद करता येतो. म्हणून गोळी नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, उपाशीपोटी घ्यायची. पोटभर जेवून, रात्री झोपताना गोळी टाकायची आणि "मला लागूच पडत नाही" म्हणायचं, असं करणारे पुष्कळ आहेत. तुमचंही असं असेल, तर दुसरी जादा पॉवरची मागण्याआधी वेळ बदलून बघा.

दुसरी अडचण गोळी सोडताना येते. २००९ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी १२० निरोगी माणसांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. पोटाचा काहीही त्रास नसलेल्या या लोकांपैकी निम्म्यांना आठ आठवडे अशी गोळी दिली, मग बंद केली. त्यानंतर त्यांच्यातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त जणांना जळजळ, आंबट ढेकर असा त्रास झाला. जठर दडपून ठेवलं होतं, ते मोकळं झाल्यावर काही दिवस जादा आम्ल बनवत राहिलं. आपल्याकडे माणूस दोन दिवस गोळी सोडतो, आग पडते, आणि तो ठरवून टाकतो की मला ही जन्मभर लागणार. ती तशी लागेलच असं नाही. पण ज्यांना डॉक्टरांनी विचार करून कायमची दिलीय, रक्त पातळ करणारी औषधं चालू आहेत म्हणून किंवा अन्ननलिकेत जखम आहे म्हणून, त्यांनी हे ऐकून ती परस्पर बंद करू नये. हा फरक करायलाच तर डॉक्टर लागतो.

आठवड्यात दोन किंवा जास्त वेळा त्रास होतोय आणि असं कित्येक आठवडे चाललंय; चौदा दिवस नीट वेळेवर गोळी घेऊनही फरक नाही; सोडली की पुन्हा ये रे माझ्या मागल्या; रात्री घशात आंबट येऊन ठसका लागून जाग येते; आवाज महिनोन्‌महिने बसलाय. इथपर्यंत आलात की मेडिकलची हद्द संपली. घाई नाही, पण डॉक्टरांची वेळ घ्या. पन्नाशी-साठीपर्यंत कधी त्रास नव्हता आणि आता अचानक सुरू झाला असेल, तर तेवढीही वाट बघू नका.

(दृश्य: जेवणाचं ताट. आमटीच्या वाटीत कुस्करलेली भाकरी.)

सगळ्यात जास्त लपून राहणारं लक्षण ताटात दिसतं. घरातले आप्पा भाकरी आता आमटीत कुस्करून खातात. आधी तसं नव्हतं. मग भाकरी गेली, मऊ पोळी आली. पोळी गेली, गुरगुट्या भात आला. प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट. विचारलं तर म्हणतात, "दात राहिले नाहीत रे." घरचेही म्हणतात, वय झालं. पण नीट विचारलं, "आप्पा, घास छातीत अडकतो का?" तर हात आपोआप छातीच्या मध्यावर जातो.

घास अडकणं ही अ‍ॅसिडिटी नाही. आधी घट्ट पदार्थ, मग मऊ, मग पातळ अशा पायऱ्यांनी अडचण वाढत असेल, तर अन्ननलिका आतून अरुंद होतेय. वर्षानुवर्षांच्या आम्लाने जखम भरताना ती आकसते, किंवा आत गाठ असू शकते. आपल्या देशात अन्ननलिकेचा जो कर्करोग जास्त दिसतो, त्याचा संबंध आम्लापेक्षा तंबाखू आणि दारूशी अधिक आहे. पाणीसुद्धा पहिल्यापासूनच अडकत असेल आणि न पचलेलं अन्न तसंच्या तसं परत येत असेल, तर आजार वेगळा. अन्ननलिकेची हालचालच बिघडलेली असते, आणि असे रुग्ण कधीकधी वर्षानुवर्षं आम्लाच्या गोळ्या खात बसतात. गिळताना दुखत असेल तर तेही सांगा. यासाठी महिनाभर थांबायचं नाही, याच आठवड्यात दाखवायचं.

दुसरं लक्षण संडासात दिसतं, आणि त्याबद्दल आपण बोलत नाही. डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं शौच. वरच्या भागात रक्तस्राव झाला की रक्त आतड्यातून जाताना काळं पडतं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होतं, म्हणून त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, पण स्वतःच निदान करून गप्प बसू नका. उलटीत रक्त, किंवा चहाच्या चोथ्यासारखा काळपट गाळ दिसला, तर तडक हॉस्पिटल. सोबत चक्कर, गार पडलेले हातपाय असतील तर १०८.

या रक्तस्रावाच्या मुळाशी पुष्कळदा गुडघेदुखीची गोळी असते. डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन. याही त्याच काउंटरवरून, तशाच पुडीतून आलेल्या. या गोळ्या जठराचं संरक्षण कमी करतात, व्रण पडतो, आणि दुखणं दाबलेलं असल्याने तो व्रण दुखतही नाही. कधी रक्त दिसण्याइतकं जातच नाही. थोडं थोडं झिरपत राहतं, हिमोग्लोबिन सातवर येतं, आजी जिना चढताना धापा टाकतात, आणि घरात बीट-खजुराचा मारा सुरू होतो. मोठ्या वयाच्या पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत लोह कमी निघालं, तर ते जातंय कुठून हे शोधायलाच हवं.

न प्रयत्न करता वजन उतरणं, सतत उलट्या, जवळच्या नात्यात जठराचा किंवा अन्ननलिकेचा कर्करोग, हेही याच रांगेतलं. जठराच्या कर्करोगाची सुरुवातीची लक्षणं आम्लाच्या गोळीने काही काळ दबू शकतात, म्हणून "गोळीने बरं वाटतंय" हे अशा वेळी उत्तर होत नाही.

(दृश्य: दुर्बीण तपासणीची खोली. मॉनिटर.)

"दुर्बीण घालायची" म्हटलं की निम्मे लोक तारीख पुढे ढकलतात. प्रत्यक्षात काय होतं? सहा ते आठ तास उपाशी यायचं. घशात कडवट फवारा मारतात, जीभ-घसा बधिर होतो. डाव्या कुशीवर झोपवतात, दातांमध्ये प्लॅस्टिकची कडी देतात. बोटापेक्षा बारीक, लवचीक नळी आत जाते. एकदोनदा उमासा येतो, डोळ्यांत पाणी येतं. श्वासाची वाट मोकळीच असते. साधी तपासणी पाच-दहा मिनिटांत संपते. हवं तर गुंगीचं इंजेक्शन मिळतं. मग सोबत घरचं माणूस हवं आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही. संशयाच्या जागेचा कणभर तुकडा तपासायला घेतात, तो घेताना दुखत नाही. हेलिकोबॅक्टर नावाचा जंतूही त्यातून सापडतो. व्रणामागे पुष्कळदा तो असतो, हे ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं, त्यासाठी त्यांना २००५ साली नोबेल मिळालं. सापडला तर दोन आठवड्यांच्या आसपासचा औषधांचा कोर्स असतो.

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. गुडघ्याच्या, प्रेशरच्या, आयुर्वेदिक, शेजारणीने दिलेल्या, सगळ्या.

(दृश्य: तपासणीची खोली. डॉक्टर आणि साठीच्या बाई.)

"मावशी, तंबाखू खाता?"
"नाही हो डॉक्टर, कधी नाही."
"आणि मिश्री?"
"मिश्री होय... ती लावते की. सकाळी उठल्या उठल्या, आणि दुपारी एकदा."
"उपाशीपोटी?"
"त्याशिवाय पोट साफ होत नाही ना."

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. डॉक्टर कागदावर लिहून घेतात, आणि पुढचा प्रश्न विचारतात: "घास अडकतो का कधी?"